नावात ‘कॉम्प्युटर’, आत काय?

पिंपरी, प्रतिनिधी : बारावीचा निकाल लागला, की पिंपळे सौदागरमधील सोसायट्यांत प्रवेशाची चर्चा रंगते. हिंजवडीतील आयटी कंपन्या जवळच असल्याने ‘कॉम्प्युटरलाच घालायचे’ हे अनेक घरांत आधीच ठरलेले असते. मात्र, या एका शब्दाखाली तीन निराळ्या वाटा आहेत. त्यांपैकी दोन, अकरावीत गणित सोडणाऱ्यासाठी केव्हाच बंद झालेल्या असतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स) अभ्यासक्रमाला बारावी विज्ञान गणितासह, किंवा दहावीनंतरची तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका लागते. २०१९च्या आराखड्यात प्रथम वर्षाला सी भाषेतील प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेसबरोबर गणित, इलेक्ट्रॉनिक्स व संख्याशास्त्रही होते. केवळ सॉफ्टवेअर शिकण्याच्या उमेदीने आलेला विद्यार्थी इथेच दचकतो.

कॉम्प्युटर अभियांत्रिकीची वाट एमएचटी-सीईटीतून जाते. भौतिकशास्त्र आणि गणित त्यासाठी अनिवार्य आहे. निगडी, आकुर्डीच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, तरी पहिल्या वर्षी भेट होते ती प्रामुख्याने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि ड्रॉइंगची. प्रोग्रॅमिंग त्यांतला एक विषय. खरे ‘कॉम्प्युटर’ सुरू होते दुसऱ्या वर्षी.

तिसरी वाट बीसीएची. कला, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली आहे. पूर्वी महाविद्यालयाच्या खिडकीवर अर्ज केला, की काम भागत असे. मात्र, २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. बीएस्सीला ही परीक्षा लागू नाही. त्या वर्षी राज्यातील काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमांची नावेच बदलली. त्यामुळे माहितीपत्रकावरील नावापेक्षा परिषदेची मान्यता आणि प्रथम वर्षाची विषयसूची आधी पाहावी.

बीसीए घेतले म्हणजे पुढची दारे बंद, ही भीतीही अनाठायी आहे. २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झालेला एमसीए अभ्यासक्रम बीसीए आणि बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स) या दोन्ही पदवीधरांना खुला आहे.

घरात अकरावीचा अर्ज भरणारे धाकटे भावंड असेल, तर आणखी एक गोष्ट. अकरावीत ‘कॉम्प्युटर सायन्स’ हा २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय मिळाला म्हणजे निश्चिंत झालो, असा समज आढळतो. अभियांत्रिकी किंवा बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स)च्या प्रवेशात मात्र गणिताच्या जागी तो चालत नाही.