सेंटओएसचे वारस

८ डिसेंबर २०२० रोजी सेंटओएस प्रकल्पाने एक छोटासा जाहीरनामा काढला, आणि जी कार्यप्रणाली २०२९ सालापर्यंत चालेल अशा भरवशावर विद्यापीठांनी, प्रयोगशाळांनी आणि लहानमोठ्या पेढ्यांनी आपापले सर्व्हर नुकतेच मांडले होते, त्या सेंटओएस ८ ची मुदत २०२१ च्या अखेरीसच संपेल, असे त्यात नमूद केले. या प्रणालीसाठी कोणी छदामही मोजला नव्हता, कोणताही करारनामा झाला नव्हता. त्यामुळे दाद मागावी असा दरबारच नव्हता. तिच्या जागी आता काय निवडावे याविषयी लिहिण्यास संपादकांनी सांगितले. परंतु हे पर्याय ज्या रीतीने घडविले जातात ती रीत समजल्यावाचून त्यांतील निवड करता येणार नाही, असे माझे मत झाल्याने प्रथम तिच्याकडे वळतो.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आपली एंटरप्राइज लिनक्स ही कार्यप्रणाली वर्गणी घेऊन देते. तिचा सोर्स कोड मात्र ती सर्वांस खुला ठेवीत असे. त्या कोडवरून तीच प्रणाली पुन्हा बांधावी आणि विनामूल्य वाटावी, या हेतूने २००४ साली सेंटओएसचा उदय झाला. कारभार मूठभर स्वयंसेवकांचा. रेड हॅटची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली, ती यांच्या हातून बाहेर पडावयास जुलै २०११ उजाडला. जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटनेच हा प्रकल्प आपल्या आश्रयाखाली घेतला, प्रमुख कार्यकर्त्यांस नोकरी दिली, आणि नाममुद्रेची मालकीही तिच्याकडे गेली. पुढे २०१९ साली आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलर देऊन खुद्द रेड हॅट विकत घेतली.

पुनर्बांधणीची रीत मला पुण्यातील एका संशोधनसंस्थेच्या संगणकदालनाची जबाबदारी वाहणाऱ्या गृहस्थांनी, हातातील काम बाजूला ठेवून, उलगडून दाखविली. एक सोर्स पॅकेज उघडले की आत तीन प्रकारच्या वस्तू असतात: मूळ लेखकाचा कोड जसाच्या तसा; त्यावर रेड हॅटने चढविलेले पॅच; आणि स्पेक फाइल, जिच्यात बांधणीचा क्रम, त्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी आणि आजवरच्या फेरफारांची तारीखवार नोंद असते. प्रत्येक पॅकेज बांधताना एक रिकामे, निर्भेळ वातावरण नव्याने उभारावयाचे, यादीत आहे तेवढेच आत घ्यावयाचे, आणि काम होताच ते मोडून टाकावयाचे. हे ऐकावयास सरळ वाटते; पण कंपायलर बांधण्यास कंपायलरच हवा, जसे दह्याला विरजण आधी असावे लागते, आणि म्हणून हजारो पॅकेजांची ही परस्परावलंबी गुंतवळ कोणत्या टोकाकडून सोडवावी, हे ठरविण्यातच बांधणाऱ्याचे सारे कसब लागते. त्यातून आठव्या आवृत्तीत काही पॅकेजे अशी निघाली की, ती बांधणीच्या वेळी लागतात परंतु ग्राहकास मिळणाऱ्या संचात नसतात. त्यांचा माग बांधणाऱ्यानेच काढावयाचा.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. सेंटओएसचे ध्येय मूळ प्रणालीच्या दोषांसह तंतोतंत प्रतिकृती हे होते. महागडी व्यापारी सॉफ्टवेअरे मूळ प्रणालीवर पारखलेली असतात, आणि तिच्यातील एखाद्या दोषाशीही त्यांनी जुळवून घेतलेले असू शकते. “चूक दुरुस्त करणे सोपे आहे हो,” ते गृहस्थ म्हणाले, “ती जशीच्या तशी ठेवणे कठीण.” स्वतःची बुद्धी इतकी आवरून दुसऱ्याचे काम अक्षरशः पुन्हा उभे करणाऱ्या या अज्ञात कारागिरांविषयी माझ्या मनात निखळ आदर निर्माण झाला. मात्र एक वस्तू त्यांस काढावीच लागते, ती म्हणजे रेड हॅटची नावे व चिन्हे, कारण कोड खुला असला तरी नाममुद्रा खुली नसते. शिवाय सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर नवी प्रणाली सुरू व्हावी म्हणून शिम नावाच्या एका लहानशा प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही मिळवावी लागते. रॉकी लिनक्सची पहिली स्थिर आवृत्ती, ८.४, जून २०२१ मध्ये आली तेव्हा ही सोय तिच्यात नव्हती. ती मागाहून झाली.

रॉकी लिनक्स हा दोन प्रमुख वारसांपैकी एक. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी जाहीरनाम्याच्याच दिवशी त्याचा संकल्प सोडला आणि दिवंगत सहसंस्थापक रॉकी मगॉ यांचे नाव त्यास दिले. दुसरा वारस अल्मालिनक्स. तो क्लाउडलिनक्स या कंपनीने दरसाल दहा लाख डॉलरांची तजवीज जाहीर करून उभा केला, आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती ३० मार्च २०२१ रोजी निघाली. सेंटओएस ८ वरून या दोहोंपैकी कोठेही जाण्यास एक स्क्रिप्ट पुरे, इतके साम्य त्यांत होते. वारसांची नोंदणी मात्र भिन्न आहे: रॉकीमागील संस्था लोकहितकारी कंपनी म्हणून नोंदलेली आहे, तर अल्माचा कारभार सभासदांनी निवडलेल्या मंडळाच्या हाती असलेले ना-नफा प्रतिष्ठान पाहते.

स्थिरस्थावर होते न होते तोच २१ जून २०२३ रोजी रेड हॅटने जाहीर केले की, यापुढे सार्वजनिक सोर्स कोड केवळ सेंटओएस स्ट्रीममधूनच मिळेल. स्ट्रीम ही आगामी आवृत्तीची पूर्वतयारी; जे प्रत्यक्ष ग्राहकास दिले गेले त्याचा नेमका कोड तेथे असेलच असे नाही. ग्राहकास तो मिळतो, पण त्याने तो पुढे वाटल्यास वर्गणीचा करार रद्द होऊ शकतो. येथे दोन्ही वारसांच्या वाटा फुटल्या. रॉकीने क्लाउडवर तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या रेड हॅटच्या यंत्रांसारख्या मार्गांनी कोड मिळवून तंतोतंतपणाचा हट्ट कायम ठेवला. अल्माने जुलैमध्ये तो उघडपणे सोडला आणि मूळ प्रणालीवर चालणारे प्रोग्राम येथेही चालतील, एवढीच हमी घेतली. त्या मोकळिकीचा तिने सदुपयोगही केला: रेड हॅटने वगळलेल्या काही जुन्या हार्डवेअरचा पाठिंबा ९.४ मध्ये परत आणला, आणि दहावी आवृत्ती रेड हॅट जेथे नाकारते अशा जुन्या प्रोसेसरांसाठीही वेगळी बांधून दिली. जेथे यंत्रे दहा-बारा वर्षे वापरावी लागतात अशा आपल्या महाविद्यालयांना ही गोष्ट मोलाची आहे.

सेंटओएस ७ वापरणारांची अडचण याहून बिकट झाली. तिची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, पाठोपाठ मिररांची यादी देणारा पत्ताही बंद पडला, आणि नवे पॅकेज मागणारी साधी आज्ञाही जुन्या संग्रहाकडे वळविल्यावाचून चालेनाशी झाली. सातवरून आठवर नेणारे एलिव्हेट हे साधन अल्माने दिले आहे; पण पायथॉन २ मध्ये लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टा ते साधन बदलून देत नाही. डेबियनकडे जावे तर १९९३ पासून कोणत्याही कंपनीच्या मालकीविना चाललेला तो प्रकल्प विश्वासास सर्वथा पात्र आहे; परंतु पॅकेजांची पद्धतच निराळी, आणि केवळ रेड हॅटवर प्रमाणित झालेले सॉफ्टवेअर तेथे चालविण्याची जोखीम ज्याची त्याने घ्यावयाची.

मोठ्या संस्थाही यातून सुटल्या नाहीत. फर्मिलॅब ही अमेरिकेतील प्रयोगशाळा सर्नच्या सहकार्याने सायंटिफिक लिनक्स नावाची स्वतःची पुनर्बांधणी चालवीत असे. एप्रिल २०१९ मध्ये तिने ती पुढे न नेता सेंटओएस ८ स्वीकारण्याचे ठरविले, आणि वीस महिन्यांत तो आधारच निखळला. डिसेंबर २०२२ मध्ये या दोन्ही संस्थांनी आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली. व्यापारी सॉफ्टवेअरचा करार तंतोतंतपणा मागत असेल तेथे रॉकी घ्यावी. एरवी माझाही कौल अल्माकडेच आहे, कारण तिची मालकी एका पेढीच्या मर्जीवर नाही. आपल्या विद्यापीठांनी मात्र केवळ डाउनलोड करून थांबू नये. निदान एक मिरर चालवावा. मिरर चालविणाऱ्या संस्थेस अल्माच्या प्रतिष्ठानाचे सभासदत्व मिळू शकते, आणि सभासदास मंडळाच्या निवडणुकीत मत असते.