पिल्लू दारात येतं तेव्हा

गटाच्या बैठकांसाठी मी वेळापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर सारखी फिरते. कुठलं कुत्रं अंगावर येतं, हे मला आता पाठ झालंय. एका वस्तीवरची बैठक तर आम्हाला देवळात न्यावी लागली, कारण तिथल्या कुत्र्याच्या धास्तीनं चौघीजणी यायच्याच बंद झाल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "पिल्लू होतं तेव्हापासून साखळीलाच आहे, म्हणून राखणीला तिखट झालंय." मला वाटतं, ते तिखट नाही, भ्यालेलं आहे.

पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटतं. त्यानंतर नवीन दिसेल त्याची भीती वाटायला लागते आणि भ्यालेलं कुत्रं चावतं. म्हणून याच दिवसांत त्याला शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टर, काठी टेकत येणारी म्हातारी माणसं, शेजारची लेकरं, सगळं हळूहळू दाखवा. आलेल्या बाईच्या हातून भाकरीचा तुकडा द्यायला लावा. आषाढात माउलींची पालखी आपल्याकडे मुक्कामाला असते, तेव्हा टाळ-मृदंग लांबून, कडेवर घेऊन ऐकवा. गर्दीत मात्र नेऊ नका. यानं राखण कमी होईल ही भीती नको. मोठं झालं की अनोळखी माणसावर ते भुंकतंच.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आपल्याकडे खायला लागलं की महिन्याभरात उचलतात. पण किती जोरात चावलं की दुखतं, हे ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. आणताना आईच्या वासाचं एखादं गोणपाट सोबत आणा. पहिल्या रात्री ते रडणारच. गोठ्यात एकटं टाकू नका, चार रात्री माणसांजवळ झोपू द्या.

झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच बाहेर एकाच ठिकाणी न्या. तिथं शी-शू केली की त्याच क्षणी शाबासकी. घरात केली तर नाक घासून मारू नका. मारलं तर ते लपून करायला शिकतं, एवढंच. हात चावायला लागलं तर खेळ थांबवून उठून जा, नाहीतर जुनी दोरी द्या. नाव घेऊन हाक मारली की काहीतरी खायला द्या. हाक मारून मारलंत, तर पुढच्या वेळी ते येणार नाही. आमच्याकडे मामंजी "हाड" म्हणायचे, मुलं "ये" म्हणायची, बिचाऱ्याचा नुसता गोंधळ. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द ठरवा.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. नुसत्या भाकरीवर ते वाढत नाही. भात, उकडलेलं अंडं द्या. जास्त दुधानं ढाळ लागते. कांदा-लसणाची आमटी नको, द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत, ते कुत्र्याला विषारी आहेत. शिजलेली कोंबडीची हाडंही आतड्यात टोचतात.

आणल्यावर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून बाकीच्या लसी, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. ही दरवर्षी परत द्यायची असते.

आता नीट ऐका. आमच्या गटातल्या एका ताईंच्या पुतण्याला पिल्लाचा दात लागला. "पिल्लूच तर आहे," म्हणून घरच्यांनी चटणी लावून सोडून दिलं. ताईंनी ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी पोराला सरकारी दवाखान्यात नेलं आणि सगळी इंजेक्शनं पुरी केली. पोरगा ठणठणीत आहे. पण रेबीज पिल्लालाही होतो, आणि माणसात त्याची लक्षणं दिसायला लागली की जवळजवळ कुणी वाचत नाही. दात लागो की नुसता ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चटणी, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शनं त्याच तारखांना घ्या.

ताईंनी त्यानंतर एक केलं. गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी कुणाच्या कुत्र्याला लस कधी द्यायची, ती तारीख लिहायला लागल्या. या महिन्यात त्यात सहा नावं आहेत.