राजनांदगावची गाडी आणि देवाचा दरबार

दिवाळीच्या दिवसांत रायपूरच्या सदर बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सराफांच्या पेढ्यांपुढे गर्दी लोटते आणि जवळच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत फराळाबरोबर दिवाळी अंकांची देवघेव चालते. या घरांना माधवराव सप्रे आपले वाटतात. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे १९२६ साली याच शहरात वारले. पण सदर बाजारापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, राजनांदगावच्या वाटेवर, आणखी एका मराठी माणसाचे आयुष्य पार बदलून गेले, हे इथल्या मराठी बैठकांत फारसे निघत नाही. तो माणूस म्हणजे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेपासून ओळखीचे असलेले नारायण वामन टिळक.

साल १८९३. नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचे काम केलेले एकतीस वर्षांचे टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर आले आणि उतरताना त्या गृहस्थांनी ‘नवा करार’ टिळकांच्या हाती ठेवला. वाचा, प्रार्थना करा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे ते म्हणाले. टिळकांनी पुस्तक उघडले ते आधी शंका काढण्यासाठीच. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते थांबले. शत्रूवर प्रीती करा, गुप्तपणे दान करा, आधी देवाचे राज्य शोधा, या शिकवणीतून त्यांना बाहेर पडता आले नाही. राजनांदगावच्या मुक्कामात त्यांचे मन ठरत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांचे ते भाकीत जवळजवळ खरे ठरले.

टिळकांनी स्वीकारलेल्या ख्रिस्ती जीवनाचा हेतू काय, या प्रश्नाला युरोपातील मंडळ्यांनी सतराव्या शतकातच थेट उत्तर दिले होते. १६४७ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे तयार झालेल्या लघु प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न माणसाच्या मुख्य हेतूविषयी आहे. देवाचे गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद मानणे, हा त्याच्या उत्तराचा आशय. स्कॉटिश मिशनऱ्यांनी ही परंपरा नागपुरात आणली. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये तिथे आले. गोव्यात त्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत लिहून देवाचे गौरव इथल्या छंदात गायले होते. म्हणजे गौरवाची भाषा मराठीला नवी नव्हती. हे गौरव माणसाच्या ताटापर्यंत, पाण्याच्या घागरीपर्यंत कसे पोचते, हे दाखवणारी माणसे हवी होती.

ते दाखवले, माझ्या नव्हे तर साऱ्या मराठी वाचकांच्या साक्षीने, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.

नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, १८६८ मध्ये जन्मली. तिच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर तिच्या वडिलांनी सोवळ्याचा असा धसका घेतला, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे. त्या घरात वाढलेली मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली, तेव्हा तिच्यावर आभाळ कोसळले. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन ती नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात राहिली. पुढे ती टिळकांकडे नगरला आली तरी सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच. टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी अशी आहे, कारण तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने विश्वासाच्या बाबतीत बायकोची वाट पाहिली.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारले, जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या जन्मात, रक्तात, मरणात काही फरक दिसला असता. तो दिसेना. त्यांनी ठरवले, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. हा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. हे सारे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात येते. मराठी आत्मचरित्रांत देवाच्या प्रीतीचा इतका खरा पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने माणूस धुऊन घेणे सोडले आणि मगच ती प्रभूच्या मेजाशी बसली.

त्यानंतर त्या घराला दार असे उरलेच नाही. दुष्काळातली अनाथ मुले टिळक उचलून आणत आणि घरात दाणा किती आहे याचा हिशेब लक्ष्मीबाई करत. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. बालकवी ठोमरे या घरात मुलासारखे राहिले. बालकवींनी धर्म बदलला नाही आणि टिळक पतिपत्नींनी माया आवरली नाही. प्रीती ही धर्मांतराची किंमत म्हणून द्यायची नसते, हे त्या घराने बोलून न दाखवता पाळले.

टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. म्हणून त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, अभंग लिहिले, भजने रचली; मराठी मंडळ्यांच्या उपासनेत ती आजही गायली जातात. शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही येशूच्या मागे चालता यावे, ही त्या दरबाराची कल्पना. तिला फार काळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे साडेदहा अध्याय त्यांच्या हातून झाले होते. पुढचे काम हाती घेतले ते लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा अशी लाभलीच नव्हती. १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती, तरी तीही मध्य प्रांतातून गेली. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या वणवणीत त्यांनी आईवडील गमावले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन आणि पुढे अमेरिका पाहून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणि विधवा दलालांच्या हाती पडत असल्याचे कळताच त्या स्वतः तिथे गेल्या. पोटात अन्न नसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. शेकडो मुली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या आणि तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली. नंतर गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, शाळा, आंधळ्यांसाठी शिक्षण, सगळे तिथेच चाले.

मुक्तीतला छापखाना तर मुद्दाम उभे राहून पाहण्यासारखा. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले आणि खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तिथल्या स्त्रियांनी केली. एके काळी दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या मुली देवाचे वचन अक्षराला अक्षर लावून जुळवत होत्या. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले होते.

छत्तीसगडात याच काळात दुसरे लोक हेच काम करत होते. जर्मन पाळक ऑस्कर लोहर १८६८ मध्ये रायपूरला आले आणि शहराच्या उत्तरेला त्यांनी बिश्रामपूर वसवले. त्यांच्याकडे प्रथम आले ते मुख्यत्वे सतनामी समाजातले लोक. दुष्काळानंतर मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये धमतरीत आले. तिथले ख्रिस्ती रुग्णालय १९१० पासूनचे. चांपा आणि चांदखुरी इथे कुष्ठरोग्यांसाठी वसाहती झाल्या, ज्या काळी रक्ताचे नातेवाईकही त्यांना गावाबाहेर घालवत. या सेवेवर ‘धर्मांतराचे साधन’ असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. काही ठिकाणी तो खराही असेल. पण जखम धुणारा हात रोग्याचा धर्म विचारत बसला नाही, हे जिथे घडले तिथे देवाचे गौरव झाले, असे मानायला हरकत नसावी.

हे जगणे स्वस्त नाही. टिळकांना आप्तांनी टाकले. आजच्या छत्तीसगडात बस्तरमधल्या छिंदवाडा गावच्या एका दिवंगत ख्रिस्ती पाळकाच्या दफनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारी २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली आणि मृतदेह गावापासून दूर, ख्रिस्ती लोकांसाठी राखलेल्या दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. आपल्या माणसाला आपल्या गावात माती देता न आलेल्या कुटुंबाने शत्रूवर प्रीती कशी करायची, हा प्रश्न मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून उठून थेट दाराशी येतो.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो या साऱ्या परंपरेचे अलीकडचे वारस. ‘सुवार्ता’ मासिक, ‘हरित वसई’चे आंदोलन, ‘सुबोध बायबल’ आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, या सगळ्यांत त्यांनी एकच धागा धरला: देव मानतो त्याने त्याची माती, पाणी आणि शेजारीही मानावा. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. मंडळ्यांच्या बाहेरच्या मराठी वाचकानेही त्यांना आपला लेखक मानले, ही टिळकांनंतरची मोठी कमाई आहे.

राजनांदगावने आपल्या लेखकांची आठवण चांगली जपली आहे. मराठी मातृभाषेचे मुक्तिबोध, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र यांच्या स्मृतीसाठी तिथे त्रिवेणी परिसर आहे. त्या यादीत टिळक पतिपत्नींचेही नाव असायला हवे. रायपूरच्या मराठी मंडळींनी येत्या नाताळाच्या सुटीत एक गट घेऊन राजनांदगावला जावे, ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांच्या राजनांदगावच्या काळाची पाने तिथे मोठ्याने वाचावीत आणि शहरातल्या मसीही कुटुंबांनाही त्या वाचनाला बोलवावे.