दाट पेरावे की विरळ?

कॅनोला हे मोहरीच्या कुळातील तेलबियांचे पीक. कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ते रेपसीडपासून तयार केले. संकरित बियाणे महाग, म्हणून तेथील शेतकऱ्याला पेरणीआधी हिशेब मांडावा लागतो. चौरस मीटरला ६० रोपे हवीत आणि शंभरांतली साठच उगवतील असे धरले, तर १०० बिया लागतात. हजार बियांचे वजन ५ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ५ किलो.

बियाणे निम्मे केले तर? त्रैराशिकाने उत्पन्नही निम्मे यावे. पण मोकळी जागा मिळाली की रोप जास्त फांद्या फोडते आणि तूट बरीच भरून काढते. खरी गोम गुणवत्तेत आहे. फुलोरा लांबतो, शेंगा एकदम पिकत नाहीत, कापणीत हिरव्या बिया येतात. त्यांतले हरितद्रव्य तेलात उतरते. तेथील पहिल्या प्रतीत अशा बिया २ टक्क्यांपर्यंतच चालतात. त्यापुढे प्रत उतरते, आणि भावही. मला तरी ही काटकसर महाग वाटते. वहीत बियाण्याचा खर्च ठळक दिसतो, प्रतीचा तोटा मात्र विक्रीच्या रकमेत निमूट मिसळून जातो.

उलट फार दाट पेरले, तर खोडे बारीक राहतात, पीक लोळते आणि बुरशी पसरते.