विजेची सायकल आणि तिची घटमाला

सायकलीला विजेची मोटर जोडण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कँटन गावचे ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलीचे पेटंट मिळाले. त्यांच्या आराखड्यात मोटर मागील चाकाच्या मध्यभागीच बसविलेली होती आणि तिला वीज पुरविणारी बॅटरी सायकलीच्या चौकटीत टांगलेली होती. आज बाजारात मिळणाऱ्या विद्युत्-सायकलींची मांडणी पाहिली, तर ती पुष्कळ अंशी हीच आहे. मग मधली शंभर वर्षे ही सायकल रस्त्यावर का दिसली नाही? याचे उत्तर मोटरीत नसून बॅटरीत आहे. शिशाच्या बॅटरीचे वजनच इतके, की मोटरीने दिलेल्या साहाय्याचा बराचसा भाग बॅटरी वाहून नेण्यातच खर्च होई.

शिसे आणि आम्ल यांच्यावरच भिस्त ठेवून काम करण्याचा एक मोलाचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाला मोटर जोडून तिची सुधारणा केली व त्या कामाची हकिकत २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. रिक्षाला तीन चाके असतात, ती जड बॅटरी सोसू शकते. दोन चाकांच्या सायकलीला मात्र हलका घटच हवा होता. लिथियम-आयन घट १९९१ साली जपानमध्ये विक्रीस आला आणि पुढे तो स्वस्त होत गेला, तेव्हा ही अडचण दूर झाली.

चेन्नई शहर अशा सायकलीला सोयीचे आहे. जमीन बहुतेक सपाट आहे. सायकलीचा धंदाही येथे जुना असून १९४९ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या अंबत्तूर येथील कारखान्यातून निघालेल्या हर्क्युलिस आणि बी.एस.ए. सायकली सबंध देशात गेल्या. माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर विजेचे व इलेक्ट्रॉनिक सामान मिळते, तर पुदुपेट येथे वाहनांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. हौशी माणसाने सकाळी पिशवी घेऊन निघावे आणि सायंकाळी निम्मी सायकल घेऊन परतावे, अशी येथली सोय आहे.

परंतु सामान घेण्यापूर्वी थोडे गणित करावे. सायकल आणि स्वार यांचे वजन मिळून १०० किलोग्रॅम धरले, तर सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे ८५ वॅट शक्ती पुरते. निरोगी मनुष्य एवढी शक्ती काही काळ सहज देऊ शकतो. आता दुपारी समुद्रावरून वारा सुटला आहे आणि स्वार किनाऱ्याच्या दिशेने निघाला आहे, असे समजू. वाऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर त्याच वेगासाठी सुमारे १९० वॅट लागतात. तीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या उड्डाणपुलावर ताशी १५ किलोमीटर वेग राखण्यासही जवळजवळ इतकीच, म्हणजे १८० वॅट शक्ती लागते. पूल एका-दोन मिनिटांत संपतो, वारा मात्र घरापर्यंत सोबत करतो. चेन्नईच्या सायकलस्वाराचा खरा डोंगर म्हणजे वारा! आणि वेग दुप्पट करून ताशी ४० किलोमीटर जाण्याचा मोह कोणास झाला, तर वारा नसतानाही त्यास पावणेपाचशे वॅट मोजावे लागतील. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यास तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

यावरून २५० वॅटची मोटर पुरेशी आहे, हे ध्यानात येईल. कायद्याची मर्यादाही तीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, पायडल असलेल्या सायकलीच्या मोटरीची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा अधिक नसेल, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, बॅटरी वगळून वजन ६० किलोग्रॅमपेक्षा जास्त नसेल आणि योग्य ब्रेक व प्रकाश परावर्तक असतील, तर तिला मोटार वाहन समजले जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालविणाऱ्यास परवानाही लागत नाही. ही सवलत उपयुक्त खरी, परंतु तिची दुसरी बाजूही आहे. अशी सायकल घरी बांधली, तर ती तपासणारा कोणी अधिकारी नसतो. तपासणीचे सगळे काम बांधणाऱ्याच्याच अंगावर येते.

मोटर बसविण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरीत फिरणारे कायमचे चुंबक आणि स्थिर तारांची वेटोळी असतात. नियंत्रक नावाची लहानशी पेटी या वेटोळ्यांत क्रमाक्रमाने वीज सोडते आणि चुंबक त्यांच्यामागे धावतात. मोटर चाकास पुढे लोटते, त्याच वेळी तिचा आस उलट दिशेने फिरू पाहतो. फोर्कच्या खाचेत तो नुसत्या नटाने आवळला, तर केव्हा तरी खाच पसरते आणि चाक निसटते. म्हणून आसाला एक पोलादी पट्टी अडकवून ती फोर्कला बांधतात. या पट्टीची किंमत फार नसते, आणि नेमकी तीच घेण्यास लोक विसरतात. जुन्या पद्धतीचे सळ्यांचे ब्रेकही पावसात पुरेसे पडत नाहीत, ते बदलावेत. ब्रेकची मूठ दाबताच मोटर बंद होईल असा खटका त्यात असावा.

आता घटमालेकडे वळू, कारण या साऱ्या खटाटोपाचे मर्म तेथे आहे.

विद्युत्-सायकलीत बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर उंचीचे नळकांड्याच्या आकाराचे घट वापरतात. अशा एका घटाचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो, आणि ३ व्होल्टच्या खाली फार उतरू द्यावयाचा नसतो. दहा घट एकसर जोडले की ३६ व्होल्ट मिळतात. प्रत्येक घटाची क्षमता अडीच अँपिअर-तास असेल आणि प्रत्येक जागी चार घट समांतर जोडले असतील, तर दहा अँपिअर-तास मिळतात. म्हणजे चाळीस घटांत ३६० वॅट-तास ऊर्जा साठते. विजेच्या बिलात ही ऊर्जा एक तृतीयांश युनिटाहून थोडीच अधिक भरेल. पण ती किती असते? कोठेही काही वाया न जाता ती सारी उपयोगी पडली, तर १०० किलोग्रॅम ओझे सुमारे तेराशे मीटर, म्हणजे समुद्रकाठापासून जवळजवळ महाबळेश्वराच्या उंचीपर्यंत उचलले जाईल. एवढी ऊर्जा दोन किलोग्रॅम वजनाच्या घटांत मावते. शिशाच्या बॅटरीला याच कामासाठी दहा-बारा किलोग्रॅम लागतात.

एवढ्या लहान जागेत कोंडलेली ऊर्जा सौम्यपणे बाहेर यावी, यासाठी चाळीसही घट एकसारखे असावे लागतात. येथेच घरगुती कारागिराची फसगत होते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले घट स्वस्त मिळतात, परंतु त्यांतील एक दोन वर्षे वापरलेला असतो, दुसरा सहा वर्षे. दहा घट एकसर जोडून ४२ व्होल्टच्या चार्जरला लावले, की चार्जर फक्त एकूण दाब पाहतो. समजा, नऊ घट ४.१५ व्होल्टपर्यंत आले आहेत आणि दहावा, दुबळा झालेला घट, ४.६५ पर्यंत चढला आहे. बेरीज बरोबर ४२ होते. चार्जरचा हिरवा दिवा लागतो, मापकाचा काटा योग्य आकडा दाखवितो, आणि त्या दहाव्या घटात मात्र विनाशाची तयारी चाललेली असते.

ती कशी होते, हे थोडक्यात पाहू. घटाच्या आत धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये माणसाच्या केसाहून पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. प्रमाणाबाहेर भारित केल्यास ऋण पट्टीच्या ग्राफाइटवर लिथियम धातूचा थर साचू लागतो. त्याचे कोंभ पडद्यातून आरपार गेले की आतल्या आत विद्युत्-मंडल जुळते आणि उष्णता निर्माण होते. उष्णतेने धन पट्टीतील ऑक्साइडचे विघटन होते व प्राणवायू सुटतो. आतील द्रावण ज्वलनशील असते. म्हणजे इंधन, प्राणवायू आणि ठिणगी एकाच डबीत एकत्र येतात. एक घट पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो.

हे टाळण्यासाठी घटमालेवर एक नियंत्रक फलक बसवितात. त्याच्या बारीक तारा प्रत्येक जोडापर्यंत पोहोचलेल्या असतात. तो बेरीज न पाहता प्रत्येकाचा दाब वेगवेगळा पाहतो आणि एकाचाही दाब मर्यादेबाहेर गेला की प्रवाह तोडतो. त्याच्यावाचून लिथियमची घटमाला वापरणे म्हणजे झाकण घट्ट बसवून वाफेला वाट न ठेवलेले भांडे चुलीवर चढविणे होय. तथापि फलक असला म्हणजे झाले, असेही नाही. समांतर जोडावयाचे घट आधी समान दाबावर आणावे लागतात, नाही तर भरलेला घट रिकाम्यात एकदम रिता होऊ पाहतो. घटांना डाख देणेही चुकीचे आहे, कारण तापलेल्या कावियाची उष्णता आतील पडद्यापर्यंत पोहोचते. निकेलच्या पट्ट्या क्षणार्धात पुऱ्या होणाऱ्या स्पॉट वेल्डिंगनेच जोडल्या जातात. शाळेतील विद्यार्थ्याने सायकलीचे बाकी सारे काम जरूर करावे. घटमाला मात्र प्रमाणित कारखान्यातून घ्यावी, हेच योग्य.

चेन्नईच्या हवेचाही विचार करावा लागतो. बहुतेक लिथियम घट ४५ अंश सेल्सिअसच्या वर भारित करावयाचे नसतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलीची काळी पेटी ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून बाहेरून येताच चार्जर लावू नये, पेटी सावलीत निवू द्यावी.

उष्णतेला अधिक दाद न देणारा एक घट उपलब्ध आहे, आणि त्याच्या इतिहासात या शहराचाही वाटा आहे. तमिळनाडूत जन्मलेले अरुमुगम मंथिराम यांनी आय.आय.टी. मद्रास येथून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतली आणि पुढे ते जॉन गुडइनफ यांचे सहकारी झाले. १९८० नंतरच्या दशकात या दोघांनी साध्या ऑक्साइडांऐवजी सल्फेटासारख्या संयुगांचा धन पट्टीसाठी अभ्यास केला. याच वाटेने पुढे जाऊन १९९७ साली गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने लिथियम-लोह-फॉस्फेट पुढे आणले. त्यात प्राणवायू फॉस्फरसाशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तो सहजी सुटत नाही. अशा घटाचा दाब ३.२ व्होल्ट असतो, त्याच ऊर्जेसाठी वजनही अधिक होते, परंतु तो दीर्घकाळ टिकतो. उष्ण प्रदेशातील सायकलीने हे जादा वजन आनंदाने वाहावे. २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या वेळी सत्त्याण्णव वर्षांच्या गुडइनफ यांच्या वतीने स्टॉकहोम येथील व्याख्यान मंथिराम यांनीच दिले.

आय.आय.टी.च्या शेजारी तारामणी येथे कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेची शाखा आहे. मूळ संस्था १९५३ साली सुरू झाली. तारामणी येथे या संस्थेने लिथियम-आयन घटांचे नमुने तयार करण्याची सोय उभी केली. आय.आय.टी.च्याच तरुण मेहता आणि स्वप्निल जैन या दोन पदवीधरांनी २०१३ साली एथर ही कंपनी स्थापन केली. आरंभी त्यांचा विचार केवळ चांगली घटमाला तयार करण्याचा होता. बाजारातील विजेच्या स्कूटरी उघडून पाहिल्यावर, चांगल्या घटमालेला शोभेल असे वाहनच नाही, हे त्यांना दिसून आले आणि ते संपूर्ण स्कूटर तयार करण्याकडे वळले.

मार्च २०२२ मध्ये वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेली विजेची स्कूटर पेटली आणि वडील व मुलगी मृत्युमुखी पडली. त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्या. त्यानंतर विद्युत्-वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे नियम कडक करण्यात आले व ते १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आले. मोटार वाहनांची ही चाचणी घरी बांधलेल्या सायकलीला लागू होत नाही, म्हणून काही गोष्टी स्वतःच पाळाव्यात. घटमाला जिन्यात किंवा बाहेर जाण्याच्या वाटेवर भारित करू नये. सर्वजण निजले असता चार्जर चालू ठेवू नये. पेटी फुगली, गोडसर उग्र वास आला किंवा ती विनाकारण तापली, तर चार्जर काढून ती उघड्यावर, इतर वस्तूंपासून दूर ठेवावी. पेट घेतल्यास धूर विषारी असतो. आधी माणसे बाहेर काढावीत व अग्निशामक दलास १०१ क्रमांकावर बोलवावे.

पाण्याचा धोका आगीपेक्षा कमी नाही. डिसेंबर २०१५ च्या पुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात चेन्नईचे कितीतरी भाग पाण्याखाली होते. बुडालेली घटमाला वाळविल्यावर चालू होते, आणि म्हणूनच ती फसवी ठरते. आत शिरलेल्या क्षारयुक्त पाण्याने निकेलच्या पट्ट्या गंजत राहतात आणि कित्येक दिवसांनी ती पेटू शकते. अशी घटमाला पुन्हा चार्जरला लावू नये. तिची टोके चिकटपट्टीने झाकून ती अधिकृत संकलकाकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.