सुकतीला खडपावर: डबक्यातला दर्या आणि आपलं जळकं ऑइल



वैशाखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खडपावर गेलो. सभासदांची अकरा मुलं, दोघांच्या आया, आपल्या वाड्यावरची कालवं काढणारी एक आजी आणि मी. मासे मारायला नाही, नुसतं बघायला. मागच्या मीटिंगमध्ये एक सभासद म्हणाले होते, "सेक्रेटरी, माझ्या पोराला मोबाईलमधले शार्क सगळे ठाऊक, पण कालव कुठलं आणि शिनाणे कुठले ते सांगता येत नाही." सगळे हसले, पण बहुतेकांच्या घरी तीच गत. म्हणून हा बेत ठरला. त्या सकाळी काय काय दिसलं ते लिहितो. चांगलं लिहितो आणि वाईटही लिहितो, कारण वाईट आहे ते आपल्याच घरचं आहे.

उधाण आणि भांग तुम्हाला मी काय शिकवणार! पण मुलांना सांगितलं ते इथेही लिहितो. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात. म्हणून भरती मोठी येते आणि सुकतीही खोल जाते. अष्टमीच्या भांगाला जो खडक पाण्याखालीच राहतो, तो उधाणाच्या सुकतीला उघडा पडतो. सुकतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आम्ही पाणी पुरतं उतरायच्या तासभर आधी पोचलो आणि पाणी फिरल्याबरोबर निघालो. आजीने सुरुवातीलाच दम भरला होता, "दर्याक पाठ करूं नाकात रे!"

आपल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर काय किंवा हणजुणे, वागातोर, काब द रामला काय, खडप म्हणजे तीन मजली घर समजा. वरच्या मजल्यावर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे बारके शंख आणि बार्नॅकल. बार्नॅकल म्हणजे आपण बोटीच्या बुडाला घासून घासून काढतो ती पांढरी टोकेरी फोडं. तो शिंपला नव्हे, नात्याने कोळंबी-कुर्लीचा भाऊ आहे हे किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. लहान असताना तो पाण्यात पोहतो, मग जागा बघून डोकं खाली करून कायमचा चिकटतो आणि पुढचं सगळं आयुष्य पायांनी पाणी ढवळून खातो. बोटीला चिकटला की आपलं डिझेल खातो ते वेगळं!

मधल्या मजल्यावर कालवं. इथे आजीचं राज्य. तिने मुलांना दाखवलं की कालवाची एक बाजू खडकाला पक्की जडलेली असते, वरचं झाकण उघडायचं आणि आतलं मांस काढायचं. बारकी कालवं मात्र तिने सोडून दिली. एका मुलाने विचारलं, "आजी, ती का नाही काढत?" म्हणाली, "ती पुढल्या वर्षाची." कालवांच्या बाजूलाच टोपीसारखे एका झाकणाचे शिंपले बसलेले असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जाती भरतीला चरायला फिरतात आणि पाणी उतरायच्या आत नेमक्या आपल्याच जागेवर परत येतात. रोज बसून बसून त्या जागेचा खडक त्यांच्या शिंपल्याच्या मापाचा झिजलेला असतो. आपण रोज होडी एकाच ठिकाणी ओढतो, तसंच.

सगळ्यात खाली, पाण्याच्या कडेला, खरी मजा. जांभा झिजून जे खळगे पडतात त्यात सुकतीला पाणी राहतं. पहिल्या डबक्यात मुलांना काहीच दिसलं नाही. आजी म्हणाली, गप्प बसा. पाच मिनिटं गप्प बसल्यावर डबकं हलायला लागलं. एक शंख चालू लागला, त्यात कुर्लीचा भाऊबंद होता. त्याचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आपण शोकेससाठी पिशवी भरून शंख नेतो, तेव्हा त्याची घरंच नेतो. काठाला समुद्रफुलं उघडली होती. दिसायला फूल, पण आहे तो प्राणी. पाकळ्यांसारख्या बोटांनी डंख मारून भक्ष्य पकडतो. दगडाखाली बारीक सापासारख्या पाच हातांचा तारा होता. आणि कपारीत एक बोटभर लांब गोबऱ्याचं पिल्लू. ते बघून मुलं ओरडलीच, कारण गोबरा त्यांना ताटातला माहीत!

इथे मी जरा थांबलो. आपण गोबरा, तांबोशी, शेवंड कमी झाली म्हणून दरवर्षी मीटिंगमध्ये बोलतो. एलईडी लाईट, बारीक जाळी, बाहेरचे ट्रॉलर, सगळ्यांवर बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण मोठ्या माशाच्या तोंडून वाचायला बारकी मासळी ज्या कपारीत लपते, ती कपार आपल्या शेडपासून दोनशे पावलांवर आहे, तिच्यावर आपण कधी बोललो नाही.

आता वाईट. परत येताना वरच्या बाजूचं एक डबकं लागलं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग. एक छोटी मुलगी म्हणाली, "काका, किती सुंदर रंग!" पाच मिनिटं आम्ही गप्प बसलो, सकाळी शिकलो होतो तसे. काही हललं नाही. कडेला दोन बारक्या कुर्ल्या पाण्याबाहेर येऊन बसल्या होत्या, हात जवळ नेला तरी पळाल्या नाहीत. आणि बाजूला इंजिन ऑइलचा रिकामा कॅन पडला होता.

मे महिन्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, तेव्हा आपण बाहेरच्या जहाजांना शिव्या देतो. हे डांबर नव्हतं. हे जळकं ऑइल होतं, आपल्या इंजिनांमधलं. कोणी टाकलं ते मी शोधलं नाही आणि शोधणारही नाही. कारण खरं सांगायचं तर माझी होडी होती तेव्हा मीही हेच केलं आहे. कॅन खडपाआड उपडा करायचा आणि म्हणायचं, भरती घेऊन जाईल.

भरती घेऊन जात नाही, मंडळी. तुम्हीच हिशेब करा. वरच्या मजल्यावरच्या डबक्यात पाणी पोचतं फक्त उधाणाला. पौर्णिमा गेली की भांग लागतो, मग कितीतरी दिवस तिथलं पाणी बदलतच नाही. आणि जांभा म्हणजे भोकांचा दगड. त्यात मुरलेलं ऑइल एका भरतीने धुतलं जात नाही, थोडं थोडं सुटत राहतं. डबक्यातले हे जीव दुपारचं ऊन सोसतात, पाणी आटून खारट झालं तरी सोसतात, जूनमध्ये पावसाने गोडं झालं तरी तग धरतात. जळकं ऑइल मात्र त्यांना सोसत नाही.

एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी. म्हणजे येत्या पंधरा-वीस दिवसांत सगळ्या बोटी वर येणार, इंजिनं उघडणार, ऑइल बदललं जाणार. वर्षातलं सगळ्यात जास्त जळकं ऑइल याच दिवसांत निघतं. म्हणून सोसायटीच्या शेडजवळ झाकणाचा ड्रम ठेवला आहे. ऑइल त्यात आणून ओता. फिल्टर आणि तेलकट चिंध्या बाजूच्या पिंपात टाका. जळकं ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे. ड्रम भरला की परवाना असलेल्या माणसालाच द्यायचा, ते काम माझं. ज्याला शेडपर्यंत आणायला जमत नसेल त्याने फोन करावा, आम्ही पोरं पाठवू.

आणि ज्यांना मुलांना घेऊन खडपावर जायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी:

पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट हवेत. कालवाने कापलेला पाय लवकर भरत नाही आणि शेवाळावर मोठी माणसंही घसरतात. पावसाळ्यात अजिबात जाऊ नका.

उचललेला दगड होता तसाच परत ठेवा. उलटा ठेवला तर खालचे जीव उन्हाने मरतात.

शंकूच्या आकाराचा नक्षीदार जिवंत शंख हातात घेऊ नका. काहींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. खडकावर सतरंजीसारखे पसरलेले हिरवे-तपकिरी मऊ जीव असतात, त्यांनाही हात लावू नका. काहींत जहाल विष असतं. चुकून लागलाच तर डोळे चोळू नका, हात धुवा.

सागरकाकडी, दगडी प्रवाळ, समुद्रघोडा यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठीसुद्धा उचलू नका. फोटो काढा आणि सोडून द्या.

पुढची फेरी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. वेळ आदल्या दिवशी पेजवर टाकतो. आजी येणार आहे. ती मुलगी पण येणार आहे, तिने मला विचारलंय, "काका, त्या रंगीत डबक्यातल्या कुर्ल्या परत येतील का?" मी म्हटलं, जाऊन बघू. तोपर्यंत त्यात नवीन काही पडू नये, एवढं आपल्या हातात आहे.

आपला,
सेक्रेटरी