टक्केवारी मामाची आणि फॉर्मची

दहावीचा निकाल लागला की पहिला फोन मामाचा येतो. "किती पडले रे?" "अठ्ठ्याहत्तर, मामा." प्रत्यक्षात 77.80 असतात, पण एवढी सूट नात्यात चालते. तीच टक्केवारी अकरावीच्या फॉर्ममध्ये गेली की मात्र पंचाईत होते.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या कर्नाळा, तारा, शिरढोण या पट्ट्यातल्या बऱ्याच मुलांची अकरावी म्हणजे पनवेल. पूर्वी ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्याच भागांत होता. 2025 पासून तो अख्ख्या राज्याला लागू झाला. त्यामुळे राज्यातल्या कुठल्याही गावातल्या मुलाची यादीतली जागा आता पहिल्या दिवसापासून संगणकच ठरवतो. आणि संगणकाला मामासारखी माया नसते.

राज्य मंडळातून यंदाच दहावी झालेल्याला फारसं टंकावं लागत नाही. बैठक क्रमांक घातला की गुण मंडळाच्या नोंदीतून आपोआप येतात. खरी अडचण ज्यांचे गुण असे येत नाहीत त्यांची. सीबीएसई, आयसीएसईची मुलं, काही जुने उत्तीर्ण. त्यांना गुणपत्रिका समोर ठेवून आकडे स्वतः भरावे लागतात, प्रत अपलोड करावी लागते आणि मार्गदर्शन केंद्रावर पडताळणी होते.

घोटाळा बहुतेक वेळा बेरजेत होतो. समजा, राज्य मंडळातून आधीच उत्तीर्ण झालेल्या एका मुलीला सहा विषयांत 78, 72, 81, 64, 75 आणि 83 गुण आहेत. बेरीज 453, म्हणजे 600 पैकी 75.50 टक्के. पण मंडळ सर्वोत्तम पाच विषय धरतं. 64 वगळले की 500 पैकी 389, म्हणजे 77.80. घाईत कुणी 'मिळालेले गुण' म्हणून 453 लिहून 'एकूण' मध्ये 500 ठेवलं, तर टक्केवारी थेट 90.60 होते! मुलीने लबाडी केलेली नसते, पण कागद बघणाऱ्याला ते कसं कळणार? त्यातच तिला चित्रकलेच्या इंटरमिजिएटमध्ये 'अ' श्रेणी असेल तर सात गुण वाढून 396 होतात, आणि ते घालायचे विसरलात तर तोटा आपलाच. हे 'बेस्ट फाइव्ह' तरी सरळ कुठे आलं? 2010 मध्ये आयसीएसईच्या पालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केलं.

आता तिकडे अमेरिकेत बघा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अर्जाच्या वेळी गुणपत्रिका मागतच नाही. विषयवार गुण विद्यार्थ्याने स्वतः भरायचे. प्रवेश मिळाल्यावर अधिकृत गुणपत्रिका जाते आणि भरलेले आकडे जुळले नाहीत तर दिलेला प्रवेशही काढून घेतला जाऊ शकतो. तिथे जाणाऱ्या मराठी मुलांसाठी एक सूचना महत्त्वाची: आपले गुण त्यांच्या श्रेणीत किंवा जीपीएमध्ये आपणच बदलून लिहू नयेत. गुणपत्रिकेवर 83 असेल तर 83 च. हिशेब त्यांचा ते करतात.

इकडे मात्र बरेच फॉर्म मूल स्वतः भरतच नाही. झेरॉक्सच्या दुकानात रांग लागलेली असते, दुकानदाराचा एक डोळा पुढच्या गिऱ्हाइकावर, आणि पालक "तुम्हीच बघा हो साहेब" म्हणून मोबाइल पुढे करतात. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि फॉर्म आपल्याच नावावर जातो. माझं मत स्पष्ट आहे: टंकायचं काम दुकानदाराकडे दिलं तरी आकडा मुलाने मोठ्याने वाचावा आणि पडद्यावरचा आकडा पालकाने गुणपत्रिकेशी ताडून पाहावा. नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, मग गुण, असं वरून खाली. घाई आहे म्हणून 'लॉक' दाबू नका. एकदा फॉर्म बंद झाला की दुरुस्तीसाठी वेगळी धावपळ करावी लागते आणि फेरीची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकनाला अर्ज केला असेल तर आज हातात असलेलेच गुण भरा, उद्या वाढतील या आशेवरचे नव्हे. वाढले तर नवी गुणपत्रिका घेऊन केंद्रावर जा. आणि मूळ गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. जूनच्या पावसात भिजलेला कागद पडताळणीच्या खिडकीत कुणी हातात धरत नाही.